मुलांची बखर आणि मुकें झालेलें यंत्र

इ. स. १०८५ च्या नाताळांत इंग्लंडचा राजा पहिला विल्यम ग्लॉस्टर येथें दरबार भरवून बसला होता. समुद्रापलीकडून येऊन त्यानें हें राज्य जिंकलें, त्याला एकोणीस वर्षें होऊन गेलीं होतीं. आपण जिंकलें तें नेमकें काय, हें आतां त्याला जाणून घ्यावयाचें होतें. गांवें किती, कोणत्या गांवीं नांगर किती, गिरण्या किती, कुरणें किती आणि त्यांवर हक्क कोणाचा, हें सर्व लिहून काढावें असा हुकूम त्यानें सोडला. पुढील वर्षीं त्याचे अधिकारी मुलुखभर फिरले आणि जमाबंदीचा तो प्रचंड दस्तऐवज तयार झाला. लोकांनीं त्याला 'डोम्सडे बुक', म्हणजे अखेरच्या न्यायनिवाड्याचें पुस्तक, असें नांव दिलें. कारण त्यांत एकदां जें लिहिलें गेलें त्यावर अपील नव्हतें. चर्मपत्रावर लॅटिन भाषेंत लिहिलेला हा ग्रंथ लंडनमध्यें क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत आजहि आहे, आणि लॅटिन जाणणाऱ्या मनुष्यास तो आजहि वाचतां येतो.

या ग्रंथाला १९८६ सालीं नऊशें वर्षें पूर्ण होणार होतीं. त्या निमित्तानें बी. बी. सी. या ब्रिटिश नभोवाणी-संस्थेनें एक नवी बखर तयार करण्याचें मनावर घेतलें. या वेळीं लेखणी राजाच्या कारकुनांच्या हातीं नव्हती, ती शाळेंतील मुलांच्या हातीं दिली होती. परंतु दैवाची गति पहा. राजाची वही नऊशें वर्षें टिकली, आणि मुलांची बखर अवघ्या पंधरा वर्षांत कोणालाहि वाचतां येईनाशी झाली. ती ज्या यंत्रांतून वाचावयाची, तीं यंत्रेंच एकामागून एक मुकीं होऊं लागलीं होतीं. त्या यंत्राची, आणि त्याला पुन्हां बोलतें करणाऱ्या माणसांची ही हकीकत आहे.

हें यंत्र जन्मास कसें आलें तें प्रथम पाहूं. १९८० च्या सुमारास एका लहानशा चिपवर संगणकाचा सर्व मेंदू मावूं लागला होता, आणि जो संगणक पूर्वी दालनें व्यापीत असे तो टेबलावर येऊन बसला होता. सामान्य माणसास या नव्या विद्येची ओळख करून द्यावी, यासाठीं बी. बी. सी. नें दूरचित्रवाणीवर एक पाठमाला दाखविण्याचें योजिलें. पाठमालेबरोबर प्रेक्षकास हाताळावयास एखादें यंत्रहि हवें होतें. केंब्रिज येथील एकॉर्न नांवाची छोटी कंपनी या कामाच्या शोधांत होती. हर्मन हाउझर व ख्रिस करी या दोघांनीं ती १९७८ सालीं स्थापिली होती. बी. बी. सी. चे अधिकारी पाहणीस येणार असें कळलें, तेव्हां कंपनीपाशीं नव्या यंत्राचा केवळ आराखडा होता, यंत्र नव्हतें. सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर आणि त्यांचे सोबती रात्रीचा दिवस करून कामाला लागले, आणि आठवड्याच्या आंत, पाहुणे दारांत येण्यापूर्वीं थोडाच वेळ, त्यांनीं यंत्र चालतें करून दाखविलें. काम त्यांनाच मिळालें.

१९८१ च्या डिसेंबरांत हें यंत्र 'बी. बी. सी. मायक्रो' या नांवानें बाजारांत आलें, आणि १९८२ च्या जानेवारींत पाठमाला सुरू झाली. यंत्राच्या मोठ्या आवृत्तीची किंमत आरंभीं ३३५ पौंड ठरविली होती. तिची चालती स्मृति ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या खिशांतील दूरध्वनीनें काढलेलें एक छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. अशीं बारा हजार यंत्रें खपलीं तर पुष्कळ झालें असा प्रथम अंदाज होता; प्रत्यक्षांत दहा लाखांहून अधिक खपलीं. सरकारनें शाळांसाठीं निम्मी किंमत देण्याची योजना आंखल्यामुळें इंग्लंडांतील बहुतेक शाळांत हें फिकट रंगाचें, काळ्या कळांचें व वरच्या रांगेंत दहा तांबड्या कळा असलेलें यंत्र येऊन बसलें. त्या पिढीनें संगणकाचीं मुळाक्षरें त्याच्यावरच गिरविलीं.

भारतांतहि हें यंत्र पोंचलें. १९८४ सालीं सरकारनें शाळांतून संगणकाची ओळख करून देण्यासाठीं 'क्लास' नांवाची योजना आंखली. आरंभीं सुमारें २५० शाळा निवडल्या, आणि त्यांना जें यंत्र दिलें तें बी. बी. सी. मायक्रोच होतें. पंजाबांत मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनें त्याची भारतीय आवृत्तीहि काढली होती. अनेक भारतीय विद्यार्थ्यांनीं आयुष्यांतील पहिली आज्ञावली याच यंत्राच्या पडद्यावर लिहिली.

नभोवाणीशीं या यंत्राचें नातें केवळ नांवापुरतें नव्हतें. त्या काळीं आज्ञावली साध्या ध्वनिफितीवर सांठवीत असत. यंत्र प्रत्येक अक्षराचें रूपांतर दोन सुरांत करी. सेकंदास १२०० कंपनांचा खालचा सूर म्हणजे शून्य, आणि २४०० कंपनांचा वरचा सूर म्हणजे एक. आज्ञावली ही ध्वनिरूप झाल्यावर ती हवेंतून पाठविण्यास अडचण कसली? १९८४ सालीं बी. बी. सी. च्या 'द चिप शॉप' या कार्यक्रमांत खरोखरच तसें करीत. ऐकणाऱ्यास नुसती किरकिर व शीळ ऐकूं येई. परंतु तीच शीळ फितीवर उतरवून घेऊन संगणकाला ऐकविली कीं पडद्यावर आज्ञा उमटत.

अशा रीतीनें शाळा आणि यंत्र यांची गांठ पडलेली असल्यामुळें नव्या डोम्सडेचें काम मुलांवर सोंपविणें शक्य झालें. सर्व देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे चौकोन पाडले आणि शाळांस वांटून दिले. नऊ हजारांहून अधिक शाळांनीं आणि एकंदर दहा लाखांवर लोकांनीं त्यांत भाग घेतला. आपल्या चौकोनांत शेतें किती, दुकानें कोणतीं, लोक काय खातात, काय खेळतात, कोठें कामास जातात, हें मुलांनीं आपल्या शब्दांत लिहिलें, छायाचित्रें काढलीं. विल्यमच्या वहींत नांगर मोजले होते. मुलांच्या वहींत माणसांचें नित्याचें जिणें होतें. सुमारें १,४७,००० पानांचा मजकूर आणि २३,००० छायाचित्रें जमलीं. इतका ऐवज फितीवर मावणें शक्यच नव्हतें; म्हणून तो लेसर किरणानें वाचावयाच्या मोठ्या चंदेरी तबकड्यांवर चढविला. तबकडीच्या एका बाजूवर चोपन्न हजार चित्रें आणि शिवाय सुमारें ३०० मेगाबाइट मजकूर मावत असे. ती वाचण्यासाठीं फिलिप्स कंपनीनें खास तबकडीवाचक बनविला, आणि तो चालविण्यासाठीं बी. बी. सी. मायक्रोची सुधारलेली आवृत्ति, 'मास्टर', त्याला जोडली.

येथेंच पुढील दुःखाचें बीज पडलें. या सर्व सरंजामाची किंमत पांच हजार पौंडांच्या घरांत गेली. ज्या मुलांनीं बखर लिहिली, त्यांतील बहुतेकांच्या शाळांना ती विकत घेणें परवडलें नाहीं. फारच थोडे संच खपले. तशा तबकड्या आणि तसे वाचक पुढें फारसे कोणी काढले नाहींत, आणि संगणकांच्या नव्या जातींना त्यांची भाषा समजेना. २००२ च्या सुमारास हिशेब झाला तेव्हां चालू स्थितींतील संच बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तबकड्यांवर मजकूर शाबूत होता, तरी तो असून नसल्यासारखा होता. मोडी जाणणारा कोणी न उरल्यास जुन्या वाड्यांतील दप्तरांची जी अवस्था होईल, तीच या बखरीची झाली.

या संकटांतून सुटण्याच्या दोन वाटा होत्या. एक वाट नकलेची. लीड्स व मिशिगन या दोन विद्यापीठांतील अभ्यासकांनीं 'कॅमिलिऑन' नांवाचा उपक्रम हातीं घेतला होता. नव्या संगणकाला जुन्याचें सोंग घ्यावयास शिकवावयाचें, म्हणजे जुन्या आज्ञा नव्या यंत्रांत जशाच्या तशा चालतील, ही त्यांची रीत. २००२ सालीं त्यांनीं ती यशस्वी करून दाखविली. परंतु सोंग वठविण्यासाठीं मूळ नट पाहावा लागतो. तबकडीवरील मजकूर बाहेर काढण्यास चालू वाचक हवा, आणि नक्कल हुबेहुब झाली कीं नाहीं हें ताडून पाहण्यास मूळ यंत्रहि हवें. म्हणून दुसरी वाट, म्हणजे जुनें यंत्रच दुरुस्त करून उभें करण्याची वाट, पहिलीइतकीच अगत्याची होती. ती वाट निवृत्त अभियंते, शिक्षक, संग्रहालयांचे स्वयंसेवक आणि हौशी कारागीर यांनीं धरली, आणि तिच्यावर त्यांची वर्दळ आजहि चालू आहे.

चाळीस वर्षें माळ्यावर पडून राहिलेलें यंत्र खालीं आणल्याबरोबर विजेला जोडून पाहण्याचा मोह कोणासहि होईल. जाणता कारागीर तो मोह आवरतो. दीर्घ उपवासानंतर पंक्तीला बसविलेल्या मनुष्याची जी गत, तीच या यंत्राची होण्याचा संभव असतो. तो प्रथम झांकण काढून आंत केवळ पाहतो. ओल कोठें लागली आहे, उंदीर-किड्यांनीं घर केलें आहे काय, तांब्याच्या रेषांवर हिरवट गंज चढला आहे काय, हें भिंग घेऊन तपासतो. 'मास्टर' यंत्रांत घड्याळ चालू ठेवण्यासाठीं घातलेले सेल असतात. ते विसरून राहिले असतील तर त्यांतून द्रव पाझरतो आणि आसपासची तांब्याची रेघ खाऊन टाकतो. साध्या अल्कली सेलाचा हा द्रव थोड्याशा व्हिनेगारनें निवतो. पण खाल्लेली रेघ मात्र बारीक तार जोडून पुन्हां सांधावी लागते.

यानंतर वीजपुरवठ्याची पेटी. घरगुती विजेंतील खरखर गाळण्यासाठीं तींत दोन कंडेन्सर बसविलेले असतात. ते कागदाचे असून त्यांवर पारदर्शक राळेचें कवच असतें. वर्षांमागून वर्षें गेलीं कीं त्या कवचाला केसासारख्या चिरा पडतात, चिरांतून हवेंतील दमटपणा आंत शिरतो, आणि यंत्र सुरू केल्यावर कांहीं वेळानें कंडेन्सर फुगून फुटतो. खोली दाट धुरानें व अत्यंत उग्र दुर्गंधीनें भरून जाते. नवशिक्याला वाटतें, यंत्र जळालें, सर्व संपलें. वस्तुतः तो कंडेन्सर केवळ द्वारपाल असतो. तो पडला तरी आंतील मंडळी बहुधा सुखरूप असतात. म्हणून शहाणा मनुष्य वीज लावण्यापूर्वींच ते दोन्ही उखडून प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे नवे कंडेन्सर डाख देऊन बसवितो. मात्र या पेटीला हात लावतांना पूर्ण सावधगिरी हवी. तिच्यांतील मोठ्या कंडेन्सरांत तारेचा संबंध तोडल्यावरहि तीनशें व्होल्टांवर विद्युत् सांठून राहूं शकते. ज्याला हें काम शिकलेल्या माणसाजवळ बसून आलेलें नाहीं, त्यानें या पेटीच्या वाटेला जाऊं नये.

पेटी पांच व्होल्ट नीट देते असें मीटरवर दिसलें कीं मग ती मुख्य फळ्याला जोडावयाची आणि कान देऊन बसावयाचें. होय, कानच, कारण या यंत्राचा पहिला रोगनिदान-मंत्र ध्वनीचा आहे. निरोगी बी. बी. सी. मायक्रो सुरू करतांच एक खालचा, घोगरा सूर काढतें आणि लगेच एक बारीक, स्वच्छ सूर काढतें. पहिला सूर हा खरें पाहतां कोणीं मुद्दाम काढलेला नव्हे. वीज येतांच ध्वनीची चिप आपली आपणच बडबडूं लागते. मेंदूची चिप जागी झाली कीं तिला गप्प करते, आणि मग आपण जागे आहोंत अशी खूण म्हणून दुसरा सूर वाजविते. तेव्हां पहिला सूरच अखंड वाजत राहिला, तर समजावें कीं दटावणारें कोणी जागें झालेलें नाहीं. नाडीवर बोट ठेवून प्रकृति जाणणाऱ्या वैद्यासारखा कारागीर या दोन सुरांवरून पुढची दिशा ठरवितो.

पुष्कळदां दोष क्षुल्लक निघतो. मोठ्या चिपा खोबण्यांत नुसत्या दाबून बसविलेल्या असतात. वर्षानुवर्षें तापून-निवून त्यांचे पाय किंचित् वर येतात किंवा त्यांवर मळ चढतो. एकेक चिप हलकेच उपटून, पाय पुसून पुन्हां बसविली तरी कित्येक यंत्रें बोलूं लागतात. तेवढ्यानें भागलें नाहीं तर तरंगदर्शक यंत्र लावून पाहतात. मेंदूला ताल देणारी, सेकंदास वीस लाख ठोक्यांची लय चालू आहे काय? आज्ञांच्या वाहिन्यांवर हालचाल दिसते काय? स्मृतीच्या सोळा चिपा असतात. त्यांतील एखादी निकामी झाली तर पडद्यावर भलतींच अक्षरें उमटतात, किंवा ३२ ऐवजीं आपल्यापाशीं १६ च किलोबाइट असल्याचें यंत्र सांगतें. शिंप्यानें वीण न उसवतां एकच टांका काढावा तशी ती सदोष चिप काढून दुसरी घालावी लागते.

यंत्र बरें झाल्यावर एक वाद उभा राहतो, आणि तो केवळ यंत्रापुरता नाहीं. पेटीचें प्लॅस्टिक काळानें पिवळें पडलेलें असतें. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशांत ठेवल्यास तें पुन्हां उजळतें. तें उजळावें कीं न उजळावें? एक पक्ष म्हणतो, यंत्र कारखान्यांतून निघालें तसें दिसलें पाहिजे. दुसरा म्हणतो, पिवळेपणा हाहि त्याच्या इतिहासाचा भाग आहे. तो पुसणें म्हणजे जुन्या मूर्तीला ऑइलपेंट फांसणें होय. भागांविषयींहि हाच प्रश्न. सर्वच भाग नवे घातले तर यंत्र चालेल, परंतु जुनें तें काय राहिलें? जुनेच भाग राखले तर यंत्र खरें राहील, परंतु तें मुकें राहील. जाणत्या संग्रहालयांनीं यांतून मधला मार्ग काढला आहे. जेवढें अवश्य तेवढेंच बदलावें, जें बदललें तें पुन्हां काढतां येईल असें करावें, काढलेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा, आणि काय केलें तें लिहून ठेवावें. पुराणवस्तूंचा जीर्णोद्धार करणारांचा हाच नियम आहे.

या सर्व उद्योगाचें फळ काय मिळालें? २०११ सालीं बी. बी. सी. नें मुलांची ती बखर जगाच्या महाजालावर खुली केली. पंचवीस वर्षांपूर्वीं जीं मुलें होतीं तीं आतां आईबाप झालीं होतीं. त्यांना आपण लिहिलेलें पान, कित्येकांना तर आयुष्यांत प्रथमच, आपल्या घरीं बसून वाचतां आलें. २०१८ सालीं तें प्रकाशन बंद होऊन त्याची प्रत राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या स्वाधीन झाली, म्हणजे मुलांची वही शेवटीं राजाच्या वहीच्या शेजारीं जाऊन बसली. पुढें कांहीं हौशी तंत्रज्ञांनीं आणखी एक पाऊल टाकलें. लेसर किरण तबकडीवरून जो मूळ विद्युत्-संकेत उचलतो, तोच जसाच्या तसा टिपून ठेवण्याचें उपकरण त्यांनीं बनविलें, आणि त्याची सर्व रचना कोणालाहि बनवितां यावी म्हणून उघड करून ठेवली. यासाठींहि जुने तबकडीवाचक दुरुस्त करावेच लागले.

या यंत्राचें दुसरें एक देणें आहे, आणि तें बहुतेकांच्या खिशांत आहे. विल्सन व फर्बर यांनीं पुढें जी नवी मेंदू-चिप आंखली, तिची पहिली कागदी परीक्षा विल्सन यांनीं बी. बी. सी. मायक्रोवरच, त्याच्याच 'बेसिक' भाषेंत केली. १९८५ च्या एप्रिलांत ती चिप तयार होऊन आली आणि याच यंत्राला जोडून चालविली गेली. तिचें नांव एआरएम. आजच्या बहुतेक सर्व भ्रमणध्वनींत तिच्याच वंशांतील चिपा आहेत. शाळेच्या बांकावरील यंत्राचा वंश असा जगभर पसरला.

इंग्लंडांत ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक-संग्रहालयांत एक वर्गखोली आहे. तेथें बी. बी. सी. मायक्रो रांगेनें मांडलेलीं आहेत. कांचेच्या कपाटांत नव्हे, तर चालू स्थितींत, कळा दाबण्यासाठीं. शाळांतून येणारीं मुलें त्यांवर दोन ओळींची आज्ञावली लिहितात, आणि यंत्र त्यांच्या आज्ञेप्रमाणें पडद्यावर त्यांचें नांव पुन्हां पुन्हां लिहूं लागलें कीं हंसूं लागतात. आजच्या गुळगुळीत यंत्रांच्या पोटांत काय चालतें हें त्यांना दिसत नाहीं. येथें तें उघड दिसतें.

चर्मपत्र नऊशें वर्षें टिकलें, कारण त्याला वाचकाच्या डोळ्यांपलीकडे दुसरें कांहीं लागत नव्हतें. आपल्या काळाचीं पत्रें, चित्रें आणि हिशेब मात्र यंत्रांच्या पोटांत आहेत, आणि यंत्राला जिवंत माणसांची सेवा लागते. घरोघरीं जुन्या तबकड्या, फिती व बंद पडलेले संगणक माळ्यावर पडलेले असतात. त्यांत एखाद्या आजोबांचा आवाज असेल, एखाद्या लग्नाचीं छायाचित्रें असतील. तीं वाचूं शकणारें यंत्र आणि तें दुरुस्त करूं शकणारा हात हीं दोन्ही अजून आहेत, तोंवरच त्यांची नवी प्रत करून घेणें शहाणपणाचें आहे. मुलांची बखर वांचली ती पंधरा वर्षांनीं कोणाला तरी आठवण झाली म्हणून. पन्नास वर्षांनीं झाली असती, तर चंदेरी तबकडींत पाहणाऱ्यास केवळ स्वतःचें तोंड दिसलें असतें.